तारेपलीकडचा धोंडा

मे महिन्यात पुण्याहून बेळगावला गेलो की आई दरवर्षी एखादं कपाट माझ्यासमोर उघडते. "तुझं काय हाय ते बघून घे बाबा, न्हाईतर भंगारात घालतो." आमच्याकडं बायकाही 'घालतो', 'येतो', 'जातो'च म्हणतात. पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर ते कानावर पडलं की आपण घरी पोचलो असं वाटतं. या वर्षी पाळी आली शहापूरच्या घरातल्या माडीवरच्या लाकडी कपाटाची. खालच्या खणात आजीच्या लुगड्यांचं गाठोडं होतं, माझ्या दहावीच्या वह्या होत्या आणि डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. डब्यात हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा जांभळा गेम बॉय कलर, गुंडाळून रबर लावलेली एक करडी तार आणि सोनेरी रंगाची एक कॅसेट. पोकेमॉन गोल्ड, तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडून लढवायचा खेळ.

रबर हात लावताच तुटलं. मी तिथंच जमिनीवर बसलो.

पेन्सिल सेलच्या खाचेत पांढरी भुकटी साचली होती. लिंबाची फोड फिरवून, कापसानं पुसून, दोन नवे सेल घातले. कळ सरकवली. ती ओळखीची 'टिंग' वाजली तेव्हा खाली स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, "चालू झालं काय रे?" तिला तो आवाज वीस वर्षांनीही लक्षात होता. पडद्यावर सोनेरी पक्षी आला. मी बटण दाबलं. माझा खेळ जिवंत असता तर यादीत सर्वांत वर 'कंटिन्यू' दिसायला हवं होतं. ते नव्हतं. यादी 'न्यू गेम'पासूनच सुरू होत होती.

कारण मला माहीत होतं, तरी ते डोळ्यांनी बघणं वेगळं. या कॅसेटच्या आत एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०२५ नावाचा, मनगटी घड्याळात असतो तसला. आपण जपून ठेवलेला खेळ अवघ्या ३२ किलोबाइटच्या स्मृतीत राहतो आणि ती स्मृती त्या सेलच्या विजेवर जगते. सेल संपला की सगळं पुसलं जातं. पोकेमॉनच्याच आधीच्या रेड आणि ब्लू या खेळांच्या कॅसेटी जास्त टिकल्या. गोल्ड आणि त्याच्या जोडीचा सिल्व्हर यांचे सेल लवकर गेले, कारण या दोन खेळांत घड्याळ होतं. गेम बॉय बंद करून कपाटात ठेवला तरी आतलं घड्याळ चालूच राहायचं.

त्या वेळी हीच गोष्ट जगातली सर्वांत मोठी जादू वाटायची. आमच्या माडीवर सकाळ असली की खेळातही सकाळ, बाहेर अंधारलं की खेळातली झाडंही निळी-काळी. हूटहूट नावाचं घुबड रात्रीच भेटणार. किडे पकडायची स्पर्धा मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारीच भरणार. आणि युनियन केव्ह नावाच्या गुहेत, अगदी तळच्या पाण्यात, फक्त शुक्रवारी लाप्रस यायचा. मानेनं लांब, पाठीवर शंख असलेला, शांत डोळ्यांचा प्राणी. परवा कपाटासमोर बसल्याबसल्या पहिला विचार हाच आला, की मी खेळणं सोडल्यावरही तो सेल जिवंत होता तोवर या डब्यात दर आठवड्याला शुक्रवार येत राहिला असणार. लुगड्यांच्या गाठोड्याखाली, अंधारात, एकामागून एक कितीतरी शुक्रवार.

गेम बॉय माझ्या मोठ्या मामानं आणला. तो जहाजावर होता, वास्कोला उतरला की आधी आमच्याकडं यायचा. २००१ साली सिंगापूरहून येताना त्यानं ही पेटी आणली. मी तेव्हा पाचवीत. आपल्याकडच्या कार्टून नेटवर्कवर पोकेमॉनची मालिका लागायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळं गल्लीत कुणाला काही सांगायची सोयच नव्हती. पिकाचू कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पाणीवाल्या मगरीच्या पिल्लाला घेऊन मी खेळ सुरू केला आणि तीन दिवसांत अडकलो.

अडकलो ते भाषेपायी. मी मराठी शाळेतला. 'दिस इज अ कॅट'च्या पुढं माझं इंग्रजी गेलं नव्हतं आणि या खेळात तर पावलापावलाला कुणीतरी थांबवून बोलायचं. प्रत्येकाचं बोलणं काळ्या चौकटीत दोन-दोन ओळी करून यायचं, आणि त्या ओळींत नेमकं पुढं कुठं जायचं ते लिहिलेलं असायचं.

मग अण्णा भेटला.

अण्णा म्हणजे पलीकडच्या घरात भाड्यानं राहायला आलेल्या कानडी कुटुंबातला थोरला. त्याची दोन धाकटी भावंडं त्याला अण्णा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली त्याला अण्णाच म्हणू लागली. आमच्यातही थोरल्याला अण्णा म्हणतातच, त्यामुळं तो शब्द कुणाचा हा प्रश्न कधी पडला नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, कन्नड शाळेत. त्याचा सोदरमावा, म्हणजे मामाच, मस्कतला होता. एक दिवस मी कट्ट्यावर गेम बॉय घेऊन बसलेलो असताना तो समोर येऊन उभा राहिला, काही न बोलता घरात गेला आणि पोपटी रंगाचा गेम बॉय घेऊन बाहेर आला. त्यात चंदेरी कॅसेट. पोकेमॉन सिल्व्हर. सगळ्या बेळगावात असे दोन गेम बॉय असतील-नसतील, आणि त्यातले दोन्ही आमच्या गल्लीत, दहा पावलांच्या अंतरावर.

त्याचं इंग्रजी माझ्याहून थोडं बरं होतं. मराठी तो आल्यापासून गल्लीतच शिकत होता आणि माझं कानडी 'बा', 'होगु', 'साकु' एवढंच. तेव्हा खेळाची भाषा आम्ही दोघांनी मिळून रचली. वार जोरात बसला की पडद्यावर एक वाक्य यायचं, त्याचं आमच्यात 'लई लागलं' झालं. अण्णा त्यालाच 'जोर बित्तु' म्हणायचा. वार वाया गेला की 'काय झालं न्हाई', 'एनू आगलिल्ला'. महिनाभरात मी 'जोर बित्तु' म्हणायला लागलो आणि तो 'लई लागलं'.

एका ठिकाणी आम्ही दोघंही जवळजवळ दोन महिने अडलो. रस्त्याच्या मधोमध एक झाड उभं होतं, इतर झाडांपेक्षा जरा वेगळं, आणि ते हलेना. कुऱ्हाडीचं काम करणारी विद्या होती, तिनं ते तुटेना. बाजूला उभ्या माणसाशी कितीही बोललं तरी त्याचं म्हणणं कळेना. शेवटी अण्णानं त्याच्या शाळेतल्या सरांना वहीत उतरवून नेलेलं वाक्य दाखवलं. सरांनी सांगितलं, "या झाडाला पाणी आवडत नाही असं लिहिलंय." मग डोक्यात प्रकाश पडला. गोल्डनरॉड शहरात एक फुलांचं दुकान आहे, तिथली मुलगी पाण्याची पिचकारी देते. पण ती देते ते त्या शहराच्या जिमची, म्हणजे लढतीच्या आखाड्याची, प्रमुख हरल्यावरच, आणि त्या प्रमुखाकडं एक गाय आहे, मिल्टँक, जी गडगडत अंगावर येते आणि मार खाल्ला की दूध पिऊन पुन्हा ताजी होते. त्या गायीनं आम्हाला रडवलं. हे अतिशयोक्तीनं लिहीत नाही; मी खरंच रडलो होतो आणि अण्णानं मला त्याच्या घरी नेऊन आंबोळी खायला दिली होती.

अशा खेळाला पोरखेळ म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पण त्याची घडण बघितली की मला अजूनही आदर वाटतो. हा खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेला, माचिदा भागात वाढला. लहानपणी तो किडे गोळा करायचा. पुढं शेतं, डबकी गेली, इमारती आल्या आणि किडेही गेले. दोन गेम बॉय जोडणारी तार बघितल्यावर त्याच्या मनात आलं, की या तारेवरून एक किडा इकडून तिकडं चालत गेला तर? तारेचा वापर तोवर एकमेकांना हरवण्यासाठी होत असे. त्यानं ती देण्याघेण्यासाठी वापरली. पहिले दोन खेळ, रेड आणि ग्रीन, जपानात २७ फेब्रुवारी १९९६ ला आले, तेव्हा गेम बॉय जवळजवळ सात वर्षांचा जुना झाला होता. गोल्ड आणि सिल्व्हर २१ नोव्हेंबर १९९९ ला. पहिल्यांदा १५१ प्राणी होते, आता २५१ झाले.

ताजिरीची ती किड्यांची गोष्ट मी फार उशिरा वाचली, पण वाचताना येळ्ळूरच्या माळावरचे सोनकिडे आठवले. काड्यापेटीत पाला घालून आम्ही ते शाळेत न्यायचो. ज्याच्याकडं हिरवा आहे त्यानं तांबूस असलेल्याशी अदलाबदल करायची, आणि दिलेला किडा दुसऱ्याच्या पेटीत कसा आहे ते मधल्या सुट्टीत जाऊन बघून यायचं. या खेळातली माणसं तेच करत होती. म्हणूनच बहुधा, एक अक्षर समजत नसतानाही, तो खेळ पहिल्या दिवसापासून मला परका वाटला नाही.

देण्याघेण्याची सक्ती त्या खेळात फार हुशारीनं घातली होती. सगळे प्राणी एका कॅसेटमध्ये मिळतच नाहीत. रात्री फिरणारा कोळी, स्पिनारॅक, माझ्या गोल्डमध्ये. सकाळी उडणारा ठिपक्यांचा किडा, लेडिबा, अण्णाच्या सिल्व्हरमध्ये. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काही प्राणी कितीही लढवले, कितीही वाढवले तरी त्यांचं शेवटचं रूप तुमच्याकडं राहून येतच नाही. ते दुसऱ्याला द्यावे लागतात. तारेतून पलीकडं गेले की तिथं पोचताक्षणी ते पूर्ण होतात.

माझ्याकडं असा एक होता. अंधाऱ्या गुहेत सापडलेला, दोन हात असलेला दगड, जिओड्यूड. नाव द्यायला इंग्रजी अक्षरांची दहा घरं असतात. मी नाव दिलं 'धोंडा'. पंचविसाव्या पातळीला तो ग्रॅव्हलर झाला, चार हातांचा, डोंगरावरून घरंगळत यावा तसा. आणि तिथंच थांबला. अण्णाकडं हॉन्टर होता, तरंगणारं डोकं आणि सुटे दोन पंजे असलेलं भूत. तो मूळ गॅस्टली, स्प्राउट टॉवर नावाच्या लाकडी मनोऱ्यात रात्रीच सापडणारा. मला साडेनऊला झोपावं लागे, अण्णाला जागायची मुभा होती. त्यामुळं रात्रीचे प्राणी त्याच्याकडं, पहाटेचे माझ्याकडं, अशी आपोआप वाटणी झाली होती.

तार अण्णाकडची होती, त्याच्या मामानंच पाठवलेली. जुलैचा दिवस होता. बेळगावचा जुलै ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, आणि त्यात वीज गेलेली. गेम बॉयच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. आम्ही माडीच्या खिडकीपाशी गुडघ्याला गुडघा लावून बसलो, दोन्ही पडदे पावसाच्या त्या करड्या उजेडाकडं तिरके धरले. तार आखूड, त्यामुळं लांब बसताच येत नव्हतं. माझा धोंडा एका गोळ्यात शिरला, गोळा नळीतून सरकत पडद्याच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला. मान वळवून मी अण्णाच्या पडद्यावर बघितलं. गोळा तिथं नळीतून बाहेर येत होता.

मग माझ्याकडं त्याचा आला. खाली नाव उमटलं. मी एकेक अक्षर लावलं आणि म्हणालो, "देवा? भुताचं नाव देवा ठेवलंस?"

अण्णा हसून लोळायचा बाकी राहिला. "देवरु अल्लो! देव्वा! देव्वा अंदरं भूत!"

कानडीत देवाला देवरु म्हणतात आणि भुताला देव्वा. एका 'व'च्या जोडानं इतका फरक. खाली आजी गहू निवडत होती. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बरोबरच की. दोगंबी दिसत न्हाईत." देव्वाचं अंग फुगलं, उजेड आला, आणि हॉन्टरचा गेंगार झाला, जांभळा, गोल, दात विचकून हसणारा. पलीकडं धोंड्यानं कवच चढवून घेतलं आणि तो गोलेम झाला. दोघंही एकाच खिडकीत, एकाच मिनिटात पूर्ण झाले. ज्याचं त्याच्याकडं राहून झाले नसते.

असा आलेला प्राणी घरच्यापेक्षा वेगळा वागतो, हे खेळानं फार बारकाईनं केलं होतं. त्याच्यावर आधीच्या धन्याचं नाव आणि क्रमांक कायम राहतो. देव्वाच्या पानावर शेवटपर्यंत 'अण्णा' असंच होतं. तो अनुभव दीडपट वेगानं मिळवतो, म्हणजे परक्या घरी गेलेला लवकर मोठा होतो. पण तुमच्याकडं जिम जिंकून मिळणारे बॅज पुरेसे नसतील तर तुमचं ऐकत नाही. माझ्याकडं तीनच होते. देव्वानं तिसावी पातळी ओलांडली आणि ऐन लढाईत तो झोपा काढायला लागला. चौथा बॅज मिळाला तो एक्रुटीक गावच्या, नेमक्या भुतांच्याच जिममधून. त्यानंतर तो सरळ झाला. आणि नाव? गोल्डनरॉडमध्ये प्राण्यांची नावं बदलून देणारा एक माणूस बसतो. त्याच्याकडं देव्वाला नेलं तर तो सांगतो की हे नाव उत्तम आहे, याला प्रेमानं सांभाळ. आणि बदलून देत नाही. ज्यानं ठेवलं त्याचंच नाव राहणार. अण्णाच्या सिल्व्हरमध्ये त्याचप्रमाणे एक धोंडा कायमचा धोंडाच राहिला, मराठी नावानं, कानडी घरात.

आमच्या गावात नावांवरून काय काय होतं हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. महाराष्ट्र आजही ८६५ गावांवर हक्क सांगतो आणि २००४ पासून ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला अर्ध्या शहरात राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि आम्ही मराठी लोक काळा दिन पाळतो. त्याच तारखेला, २०१४ साली, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. माझे वडील काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जायचे, मीही पुढं गेलो. ते दुःख आमचं खरं आहे. शाळा, कागदपत्रं, पाट्या, सगळीकडं ते रोज भेटतं, आणि मी ते कुठल्याही मैत्रीच्या गोष्टीखाली झाकणार नाही. पण १ नोव्हेंबरला दुकानं बंद, शाळा बंद, रस्त्यावर पोलीस, आणि मोठ्यांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलेलं असे, तेव्हा मागच्या परसातल्या भिंतीवरून अण्णा आमच्याकडं यायचा. खिशात तार असायची. आई काही बोलायची नाही. एकदा तिनं नुसतं विचारलं, "तुझ्या आईला ठावं हाय न्हवं, तू हितं हाईस ते?" आणि त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली.

खेळातही एक सीमा आहे. गोल्डचा मुलूख जोहटो आणि पहिल्या खेळांचा मुलूख कँटो. जोहटोमधले आठ बॅज झाल्यावर कळतं की त्या लहानशा कॅसेटमध्ये कँटोही घातलेला आहे, पुढचे आठ बॅज घेऊन. हे सगळं दोन मेगाबाइटमध्ये. चित्रं दाबून बसवण्याच्या कामात पुढं निन्तेन्दोचे, म्हणजे गेम बॉय बनवणाऱ्या कंपनीचे, अध्यक्ष झालेले सातोरू इवाता यांनी हातभार लावला होता. आता फोनवर काढलेला एक फोटो यापेक्षा जास्त जागा खातो.

मला त्याहून विलक्षण वाटते ती सीमेची जागा. आठ बॅज गोळा करत तुम्ही सगळा जोहटो फिरता, आणि कँटोची वाट निघते ती ज्या गावातून पहिल्या दिवशी बाहेर पडलात त्याच न्यू बार्क गावाच्या पूर्वेला. घराशेजारचं पाणी ओलांडायचं इतकंच. सीमा पहिल्यापासून घराला लागूनच होती, पोहायची विद्या नव्हती म्हणून दिसली नाही. पलीकडं पोचलात की रस्त्यात एक माणूस भेटतो आणि विचारतो, आत्ता तू काय केलंस ठाऊक आहे का? तू कँटोत पहिलं पाऊल टाकलंस. नकाशा उघडून बघ.

आजूबाजूला बघितलं तर काही बदललेलं नाही. तेच गवत, तेच पाणी, तीच झाडं. जवळच एक धबधबा आहे, त्याचं नाव टोहजो. कँटोमधला 'टो' आणि जोहटोमधला 'जो'. दोन्ही मुलखांनी अर्धं अर्धं नाव दिलेला धबधबा.

हे मी अकरा-बारा वर्षांचा असताना खेळलो आणि मला तो माणूस लगेच ओळखता आला. माझी आत्या चंदगडला. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा करत गाडी बाचीपर्यंत गेली की पुढं शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. बाबांनी नवा मोबाइल घेतला होता. शिनोळी जवळ आली की फोन टुण्‌कन वाजायचा आणि पडद्यावर महाराष्ट्रात स्वागत असल्याचा संदेश यायचा. रोमिंग सुरू व्हायचं, म्हणून बाबा घाईनं फोन बंद करायचे. मी खिडकीतून बघायचो. दोन्हीकडं तीच तांबडी माती, तसेच भाताचे वाफे, पाटी तेवढी कानडीची मराठी झालेली. बाचीतली बाई आणि शिनोळीतली बाई एकसारख्याच कासोट्यानं चिखलात उभी. "बाबा, नेमकं कुठनं बदललं?" मी एकदा विचारलं. बाबा बराच वेळ बाहेर बघत राहिले. "तो बांध हाय बघ," ते म्हणाले, आणि मग, "का पुढचा..."

अण्णाच्या वडिलांची बदली २००४ च्या उन्हाळ्यात झाली. टेम्पो भरला जात होता आणि आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो होतो. मी देव्वा परत द्यायला तयार होतो; रात्रभर विचार करून ठरवलं होतं. अण्णा नको म्हणाला. खिशातून तार काढून माझ्या हातात दिली. "नी इट्को." तू ठेव. त्यालाही धोंडा द्यायचा नव्हता, हे मला कळलं, आणि फार बरं वाटलं.

परवा मी कॅसेट खडेबाजारातल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं नेली. तिचा स्क्रू साध्या पेचकसानं उघडत नाही, त्याला ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. त्या पोरानं कुठूनसा मिळवला. आतली पाटी हाताच्या दोन बोटांएवढी. जुना सेल झाळून बसवलेला, त्याच्या कडेला मळकट हिरवट रेघ. त्यानं पत्रीसकट तो सोडवला, नवा बसवला आणि जुना माझ्या तळहातावर ठेवला. "काही डेटा होता काय, सर?" मी हो म्हणालो. तो बिचारा उगाचच ओशाळला, त्याची काही चूक नसताना.

मग मी पुन्हा सुरुवात केली. घड्याळ लावलं. पडद्यावर आईनं विचारलं, पैसे साठवून ठेवू का, आणि मी आता पहिल्यांदाच तिचं सगळं बोलणं वाचून हो म्हटलं. इंग्रजी आता अडत नव्हतं. खरं सांगायचं तर काही ठिकाणी अडायला हवं होतं. त्या विचित्र झाडापाशी मी अर्धं मिनिट थांबलो आणि पुढं गेलो. रूट एकोणचाळीसवरच्या गोठ्यात एक आजारी मिल्टँक आहे, तिला सात बोरं चारली की ती उठून उभी राहते. लहानपणी ती गाय आम्हाला सापडलीच नव्हती, कारण गोठ्यातल्या पोरींचं म्हणणं आम्हाला वाचता आलं नव्हतं. ज्या जातीच्या गायीनं आम्हाला रडवलं तिच्यातलीच एक तिथं पडून होती आणि आम्ही शेजारून निघून गेलो होतो. या खेपेला सातही बोरं चारली.

धोंडा पुन्हा पकडला. त्याच अंधाऱ्या गुहेत, त्याच नावानं. आठ दिवसांत तो पंचविसाव्या पातळीला पोचला, चार हातांचा झाला आणि तिथंच थांबला. लढायला दणकट आहे. पण त्याला बघताना मला सारखं वाटत राहिलं की हा वाट बघतोय.

अण्णाचा नंबर आईकडं होता. तिचं आणि अण्णाच्या आईचं वर्षातून एकदा-दोनदा बोलणं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. तो आता गोकाकला असतो. मी फोन लावला, नाव सांगितलं, आणि पलीकडून एकदम, "येनपा! आता आठवलं काय रे?" मराठी तशीच्या तशी, आमच्या गल्लीतली. थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर मी कॅसेटचं सांगितलं. देव्वा गेला म्हणालो. सेल संपला होता.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचं पाणी गोकाकात शिरलं तेव्हा त्यांच्या घरात छातीएवढं आलं होतं. माणसं आधीच वर गेली, पण खालच्या कपाटातलं काही राहिलं नाही. वडिलांची कागदपत्रं, लग्नाचे अल्बम, आणि त्या पोपटी गेम बॉयसकट सिल्व्हर. चार दिवसांनी दार उघडलं तर सगळ्यावर बोटभर गाळ.

"धोंड्याला पाणी चौपट लागतं," अण्णा म्हणाला. "आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. दगड आणि माती, दोन्ही जातींचा प्राणी. पाण्याचा वार दुप्पट दुप्पट असा चौपट बसतो. आम्ही ते वहीत लिहून ठेवलं होतं. मला काही बोलता येईना. तोही थांबला.

मग त्यानं विचारलं, "नवा पकडलास की?"

"पकडलाय. पंचवीसला हाय. ग्रॅव्हलर."

"आणि केबल?"

"हाय. तूच दिलीस न्हवं."

"मग ठेव की तसाच. त्याला कुठं पाठवू नको." पाठीमागं कुणीतरी लहान पोर काहीतरी मागत होतं, त्याला तो "ताळप्पा, ताळ" म्हणाला. "इथं एकाकडं सिल्व्हर हाय म्हणून ऐकलंय. बघतो. रात्री जागून गॅस्टली धरायला लागणार बघ पयला."

गोल्डमध्ये अदलाबदलीचं काउंटर प्रत्येक पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावर असतं. मी जिना चढून तिथं गेलो, धोंड्याला सर्वांत पुढच्या जागेवर ठेवलं, काउंटरपलीकडच्या बाईसमोर उभा राहिलो आणि खेळ सेव्ह केला. तार नवं रबर लावून डब्यात ठेवली. डबा आता माडीवर नाही, माझ्या बॅगेत आहे. आज शुक्रवार. गुहेत लाप्रस आला असेल.